गोपिकेच्या बायोडाट्यातली शेवटची ओळ

गिट्टीखदान वस्तीतल्या गोपिका डोंगरेनं अकरा वर्षं तेल तपासलं, आणि अकरा वर्षं तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'हाऊसकीपिंग' छापून आलं. ऐकणारे हसतात. हसणाऱ्यांचं काय जातं! त्यांच्या चिठ्ठीवर त्यांचंच काम लिहिलेलं असतं.

झालं असं, की वाडी गावाच्या पुढे एका तेलाच्या कारखान्यात कंत्राटदारानं तिला लॅबची फरशी पुसायला आणि काचेची भांडी धुवायला लावलं. लॅबचे केमिस्ट होते चंद्रभान साहेब. माणूस स्वभावानं चांगला, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. कधी तंबाखूचा खर्रा, कधी फोन, कधी कँटीन. इकडे गेटवर कच्च्या तेलाचे टँकर उभे. लॅबनं आम्लतेचा आकडा दिल्याशिवाय टँकर आत घ्यायचा नाही असा कायदा. एक दिवस ड्रायव्हर लॅबच्या दारात येऊन ओरडायला लागला, साहेब बेपत्ता, आणि गोपिकेनं पोछा बाजूला ठेवून हात धुतले. मौद्याच्या कॉलेजातून ती बारावी सायन्स झालेली होती, अठ्ठावन्न टक्के. लग्न झालं म्हणून पुढचं शिकणं थांबलं, डोकं काही थांबलं नव्हतं. सहा महिने बघत होती ती. तिनं तेल मोजलं, गरम स्पिरिट घातलं, रंगाचे दोन थेंब टाकले आणि उभ्या नळीतलं रसायन तोटीनं हळूहळू सोडत गेली. गुलाबी झाक आली आणि टिकली. आकडा बरोबर निघाला.

त्या दिवसापासून तीच रीत पडली. तपासायचं गोपिकेनं, आकडा पेन्सिलीनं मांडायचा गोपिकेनं, आणि साहेबांनी येऊन खाली पेनानं सही ठोकायची. दिवसाला बारा-पंधरा नमुने. लपवलं कुणीच नाही, आणि बोललंही कुणी नाही.

मग साहेब रिटायर झाले. नवा केमिस्ट आला, ताजा डिप्लोमावाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त फरशी बघा. बाटल्यांना हात लावायचा नाही."

मावशी! एकोणचाळीस वर्षांची बाई ती. बरं, त्याला तरी यावं ना काही? तोटी अशी भसकन सोडायचा की रंग जांभळाच्या रसासारखा दाट व्हायचा, आणि हा पठ्ठ्या तोच आकडा लिहून मोकळा. गोपिका खाली वाकून पोछा मारायची आणि तिच्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

अशात पेपरमध्ये चार ओळींची जाहिरात आली. कळमेश्वरच्या एमआयडीसीत तेलाच्या कारखान्यात लॅब असिस्टंट पाहिजे, बारावी सायन्स, अनुभव आवश्यक, बायोडाटा घेऊन समक्ष भेटा. गोपिकेनं ती कापून मोबाइलच्या कव्हरात ठेवली. बारावी होती, अनुभव होता. कागद तेवढा नव्हता.

तो कागद मागायला ती आधी चंद्रभान साहेबांच्या घरी गेली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितला, आणि अनुभवाच्या पत्राचं ऐकताच त्यांचा चेहरा पडला.

"गोपिका, त्या सगळ्या कागदांवर माझ्या सह्या हायेत. तपासणी तू केली असं लिहून देलं, त मी काय केलं म्हणून विचारतीन नं."

"मंग काय केलं साहेब तुमी?" गोपिकेनं विचारलं.

साहेबांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. ती चहा न पिता उठली. अकरा वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही. पण चपला घालताना तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच तिला जास्त राग आला.

चौकात साहिलचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. लग्नसराई चालू होती, आणि साहिलकडे लग्नाचा बायोडाटा फार देखणा निघतो असं सगळ्या वस्तीत नाव होतं. नोकरीचा मागायला आलं की तो तोच लग्नाचा उघडून त्यात फेरफार करायचा. त्यालाही दोष कसा द्यायचा! दिवसाला वीस मुलींची लग्नं टाइप करणाऱ्याची बोटं तिकडंच वळणार. दहा मिनिटांत त्यानं कागद काढून दिला. गोपिकेसोबत तिची मुलगी गार्गी आली होती, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची. तिनं कागद हातात घेतला आणि तोंडावर हात ठेवला.

"आई, याच्यात तुयी उंची हाय. रंग गव्हाळ लिहिला. मामाचं गाव बी हाय."

"अरे साहिल, मले काय दुसरं लग्न करायचं हाय का गा?" गोपिका म्हणाली.

"सॉरी ताई, राहून गेलं. आत्ता काढतो." साहिलनं गालातला खर्रा सरकवला आणि भराभर ओळी उडवल्या. "अनुभवाचं काय करायचं? चिठ्ठीवर त हाऊसकीपिंग हाय. तेच टाकतो, अकरा वर्षं. नाहीतर कोराच सोडा, फ्रेशर म्हणून जा."

"एकोणचाळीस वर्षांची फ्रेशर?"

"मंग वर एक मस्त ओळ टाकतो इंग्लिशमधी. मेहनती, प्रामाणिक, नामांकित संस्थेत प्रगती करण्यास इच्छुक. सगळ्यायलेच टाकतो. अन् छंद: वाचन, संगीत."

"संगीत? कारखान्यात गाणं म्हणायले बोलावून राहिले काय मले?"

गार्गीनं खुर्ची ओढली. त्यांच्या कॉलेजात एका सरांनी तासभर हेच शिकवलं होतं. "दादा, मेहनती-बिहनती सगळं काढा. ते कोणीच वाचत नाही. एक पान पाहिजे, साधी अक्षरं, फुलाची चौकट नाही. ताजं काम सगळ्यात वर. अन् काय होती ते नाही, काय केलं ते लिहायचं, आकड्यासहित. सांग आई, काय करत होती तू?"

आणि गोपिका सांगायला लागली. उभ्या उभ्या, काउंटरवर हात टेकून. रोज बारा ते पंधरा नमुने. आम्लता, ओलावा, रंग. रसायनं तयार करणं, त्यांच्या बाटल्यांवर तारीख टाकणं. काटा रोज सकाळी वजन ठेवून पारखणं. अकरा वर्षांत तिच्या आकड्यावरून परत पाठवलेले टँकर सात. सातही तेल देणाऱ्यांनी दुसरीकडे तपासून पाहिलं, सातही वेळा हिचाच आकडा खरा निघाला. सांगता सांगता तिचा आवाज बदलला. झेरॉक्सला आलेले दोघं-तिघं ऐकत उभे राहिले. गार्गी ते इंग्रजीत करत गेली. आईला आपण इतकी वर्षं डबा भरणारी आणि पोछा मारणारी एवढंच समजत होतो, हे त्या मुलीला तिथं झेरॉक्सच्या दुकानात कळलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"अन् चिठ्ठीवरचं हाऊसकीपिंग?" साहिलनं विचारलं.

"ते बी लिहा. खोटं काहून बोलायचं? कामाचं नाव हाऊसकीपिंग, केलेलं काम हे."

नवा कागद निघाला. एक पान, स्वच्छ, सगळं इंग्रजीत. फक्त अगदी तळाला मराठीत एक शब्द तसाच राहिला होता. 'अपेक्षा', आणि पुढे दोन टिंबं. लग्नाच्या कागदावर तिथं निर्व्यसनी, नोकरीवाला, स्वतःचं घर असलेला असं येतं.

"हे राहूनच गेलं. थांबा ताई, उडवतो."

"राहू दे," गोपिका म्हणाली.

"ताई, नोकरीच्या बायोडाट्यात अपेक्षा नसते."

"काहून नसते?"

साहिलची बोटं परत कीबोर्डवर गेली. गोपिकेनं सांगितलं तसं त्यानं टाइप केलं: 'अपेक्षा: जे काम करीन, त्याच कामाचं नाव माझ्या नावापुढे लागावं.'

घरी नवऱ्यानं कागद वाचला. गिरिधर रंगकाम करायचा, सरळ मनाचा माणूस. तो म्हणाला, "गोपिका, नावाचं काय घेऊन बसली वं? जे भेटन ते घेऊन टाक. घरापासून अर्ध्या तासावर हाय कळमेश्वर."

"तुमी भिंत रंगवली अन् वर दुसऱ्यानं आपलं नाव टाकलं त चालन काय?"

"माहं नाव कोन टाकते भिंतीवर?" गिरिधर हसला. ती हसली नाही.

कळमेश्वरच्या कारखान्यात दोघांनी मुलाखत घेतली. एक ऑफिसातल्या प्रीती मॅडम, वयानं लहान, बोलायला चटपटीत. दुसरे लॅबचे प्रमुख गणपतराव, पांढऱ्या मिशांचे; त्यांचा असिस्टंट दीड महिन्यापूर्वी सोडून गेला होता आणि ते एकटेच मरमर मरत होते. मॅडमनी बायोडाटा आणि पगाराची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली.

"एकात हाऊसकीपिंग, एकात तपासणी. यातलं खरं काय?"

"दोन्ही खरं मॅडम. झाडू बी मारला, तपासणी बी केली. पैसे झाडूचे भेटले."

"अनुभवाचं पत्र?"

"नाही. ज्यायनं द्यायचं होतं, त्यायची हिंमत नाही झाली."

मॅडमची नजर पानाच्या तळाशी गेली आणि त्यांना हसू फुटलं. "हे अपेक्षा वगैरे लग्नाच्या बायोडाट्यात लिहितात हो!"

"तिथूनच आलं ते," गोपिका म्हणाली. "लग्नात पोरीले एवढं तरी विचारतेत मॅडम, का बाई तुयी अपेक्षा काय. नोकरीत तेवढंही कोणी विचारत नाही. म्हणून मीच लिहिलं."

मॅडमचं हसू तिथंच थांबलं. तेवढ्यात गेटवरून वॉचमन तेलाची बाटली घेऊन आला. टँकर लागला होता, ड्रायव्हर घाई करत होता. गणपतराव कण्हत उठले, बाटलीकडे पाहिलं, मग गोपिकेकडे.

"चला लॅबमध्ये. करून दाखवा. मी बाजूला उभा राहतो."

गोपिकेनं हात धुतले. नव्या केमिस्टनं सहा महिने ज्या गोष्टीला बोट लावू दिलं नव्हतं, ती नळी समोर उभी होती. तिनं आधी काटा पारखला, मग तेल मोजलं. स्पिरिट गरम केलं, रंगाचे थेंब टाकले, डाव्या हातानं तोटी, उजव्यानं भांडं गोल गोल. गणपतरावांनी मध्येच विचारलं, "कुठं थांबायचं?"

"गुलाबी झाक अर्धा मिनिट टिकली का थांबायचं. दाट झाला रंग त समजायचं आपण जास्त टाकलं. मंग आकडा लिहायचा नाही, पुन्हा करायचं."

तिनं ते पुन्हा केलंच, न सांगता. दोन्ही आकडे जुळले, ते तिनं तपासणीच्या कागदावर पेन्सिलीनं मांडले. तेल चांगलं होतं. गणपतरावांनी मान डोलावली आणि दारात उभ्या असलेल्या मॅडमना म्हणाले, "घ्या यांना."

मॅडमनी फाइल उघडली.

"घेऊ. पण पत्राशिवाय लॅब असिस्टंट म्हणून नाही घेता येणार. कंत्राटदाराकडून हेल्पर म्हणून लावू. पगार मात्र असिस्टंटचाच. काम लॅबचंच. फक्त कागदावर हेल्पर."

फक्त कागदावर! बाई गं, अकरा वर्षं कशात गेली मग? गिरिधरचं बोलणं तिच्या कानात वाजलं, गार्गीची फी आठवली, उद्या सकाळी पुन्हा तो पोछा आणि तो 'मावशी' आठवला. हो म्हटलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. इकडे गणपतरावांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं आणि तपासणीच्या कागदावर सही करायला वाकले.

गोपिकेनं त्या कागदावर पंजा ठेवला.

"थांबा साहेब. ही तपासणी हेल्परनं केली असन, त हा कागद फाडा. हेल्परच्या आकड्यावर टँकर आत घेता येत नाही. तुमी पुन्हा करा तुमच्या हातानं. अन् मॅडम, माहा बायोडाटा वापस द्या."

"अहो पगार तोच आहे!" मॅडम म्हणाल्या.

"पगार तोच हाय, मंग नाव द्यायले काय जड होऊन राहिलं तुमाले?"

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न लावून धरला. मॅडमनी गणपतरावांकडे पाहिलं. गणपतरावांनी गोपिकेचा पंजा पाहिला, त्याखालचे पेन्सिलीतले दोन सारखे आकडे पाहिले, आणि पांढऱ्या मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. आजवर त्यांनीही किती कागदांवर दुसऱ्याच्या हातचे आकडे आपल्या सहीनं पाठवले असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"प्रीती," ते म्हणाले, "पत्र नाही म्हणतेस, तर हाच कागद लाव फाइलला. पाहणारा मी आहे. लॅब असिस्टंट म्हणूनच पाठव वर. विचारलं कुणी, तर माझ्याकडे पाठव."

"आणि वरून नाही म्हणाले तर?"

"तर उद्यापासून टँकर त्यांनीच तपासावे."

त्यांनी पेन गोपिकेपुढे धरलं. 'तपासणारा' असं छापलं होतं, पुढे रेघ होती. गोपिकेनं पेन घेतलं आणि तिचा हात थांबला. हजारो कागद तिच्या हातून गेले होते, पण त्या रेघेवर तिनं कधी काही लिहिलं नव्हतं, आणि झोकदार सही म्हणावी अशी तिच्याकडे नव्हतीच. मग तिनं शाळेत लिहायची तसं, एकेक अक्षर सुटं सुटं, पूर्ण नाव लिहिलं. गोपिका गिरिधर डोंगरे. रेघ पुरली नाही, आडनाव खाली उतरलं.

मॅडमनी कागद फाइलला लावला, वॉचमन आकडा घेऊन गेटकडे पळाला, आणि टँकर आत आला.