शिडीखालच्या चपला

वर चढायच्या आधी चपला शिडीच्या पायथ्याशी सोडायच्या, ही मामांची रीत. वर जाताना पायात जाड तळाचे बूट घालायचे आणि खाली आपला जोड ठेवायचा. जोड दिसला की समजायचं, वर माणूस आहे. तोवर पंखा सुरू करायच्या पॅनेलच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. छपरावरचा पंखा खालून दिसत नाही आणि खालची हाक वर पोचत नाही, म्हणून ही खूण. आम्ही ज्या ज्या शीतगृहावर काम केलं तिथल्या माणसांनी ती बिनबोभाट पाळली.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. मी नंदुरबारकडचा. आठवीत शाळा सुटली आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर कसबा बावड्याला आलो. फडातच ताप भरला, टोळी पुढं गेली, मी कारखान्याजवळच्या चहाच्या गाड्यावर कपबशा धुवायला राहिलो. तिथं रोज चहाला येणारा शीतगृहांचा एक मिस्त्री एकदा म्हणाला, "काय पावणं, जल्मभर बशाच धुणार व्हय? पाना धरशील का?" तेच हे मामा. त्याच संध्याकाळी कळंब्याच्या त्याच्या घरी मामींनी मला ताटावर बसवलं. विचारलं एवढंच, "तिखट चालतंय न्हवं?" चालत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं, असं मी सांगितलं.

तेव्हापासून त्यांच्याच घरी राहतो. या माणसांच्या उपकाराचं ओझं मला कधी वाटलं नाही. वाटते ती धास्ती. मामा छपराच्या कडेला वाकले की त्यांचा कमरेचा पट्टा दोरीला अडकवलाय ना, हे मी पुन्हा पुन्हा बघतो. ते चिडतात. "आरं, माझ्याकडं काय बघतोस सारखं? नट बघ की!"

मागच्या उन्हाळ्यात बावड्याच्या बाजूला एका दूधवाल्यांच्या शीतगृहावर नवा कंडेन्सर बसवला. आतली उष्णता बाहेर फेकणारं खोलीएवढं धूड ते. क्रेननं वर चढवलं, पत्र्यावर भार न देता लोखंडी घोडीवर बसवलं, पाइप जोडून तपासले. पंख्याचा पट्टा ताणून त्यावर जाळी बसवायची तेवढी राहिली होती. आणि मालकांच्या भटजींनी नेमका त्याच सकाळचा मुहूर्त काढलेला. मामांनी मालकांना बजावलं, "मी खाली येऊन सांगतो, मग बटण दाबा." मेन स्विच पाडून, वीज बंद करून आम्ही वर गेलो. खाली आमचे दोन जोड शेजारी शेजारी.

जाळीचे बोल्ट कमी पडले म्हणून मामांनी मला खाली पाठवलं. खाली उतरलो तर सगळं घरदार जमलेलं. मशीनरूमच्या दाराला आंब्याचं तोरण, पॅनेलला झेंडूचा हार. मालकांची सून म्हणाली, "पावणं, बूट काढा की. आत पूजा हाय." मी बूट काढले, आतल्या बोल्टांच्या पिशवीकडे निघालो आणि सहज शिडीकडे पाहिलं.

पायथा रिकामा होता. नुकतंच सडा टाकून तिथं रांगोळी काढली होती; घाईत उतरताना मी तिच्यावरूनच आलो होतो, ध्यानात आलं नव्हतं.

आधी वाटलं, मामा उतरले असतील. पण मी शिडीवरून आत्ताच आलो होतो, आणि शिडी एकच. आतून शीतगृहाच्या ऑपरेटरचा आवाज आला, "एक बी चप्पल न्हाई. समदी खाली आल्यात. मेन चढवलाय, आई, दाबा आता, मुहूर्त टळंल." तो माणूस खोटा नव्हता. दारातून वाकून त्यानं शिडीखाली बघितलं होतं, रीतीप्रमाणे. मालकांच्या आईंच्या डाव्या हातात आरतीचं ताट आणि उजव्या हाताचं बोट हिरव्या बटणाकडे निघालेलं.

मी ओरडलो की नाही, आठवत नाही. माणसांतून घुसून मी त्यांचं मनगट धरलं. ताट खाली पडलं. निरांजन विझलं, कुंकू फरशीभर झालं.

"आरं ए!" मालकांनी माझी गचांडी धरली. "आईच्या अंगाला हात लावतोस? कुठलं पार्सल हाय हे? मुहूर्ताचं वाटोळं केलं बघा भाड्यानं!"

"वर... मामा वर..." मी छपराकडे बोट केलं. ऑपरेटरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदम मेन पाडला. 

बोल्ट घेऊन मी येईना म्हणून मामा स्वतःच शिडीनं उतरले. कोपरापर्यंत ग्रीस. माझी मान मालकांच्या मुठीत, फरशीवर कुंकू. त्यांनी शिडीच्या पायथ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझ्या चपला कुठं हाईत?"

सुनेनं पदर तोंडाला लावला. "मीच... पूजेच्या म्होरं पायताण कसं ठेवायचं म्हणून..." ती धावत पाण्याच्या टाकीमागं गेली. तिथं सगळ्या घराच्या चपला नीट ओळीनं मांडल्या होत्या. त्यांतच आमचे दोन जोड. तिनं मामांच्या चपला छातीशी धरून आणल्या आणि ओल्या रांगोळीवरच ठेवल्या.

मालकांची मूठ सुटली. त्यांच्या आई मनगट चोळत मला म्हणाल्या, "हाडं मोडलास की रं माझी." आणि मग त्या रडायला लागल्या.

जाळी बसवायची राहिलीच होती. मामा परत वर गेले. मी पॅनेलला पाठ लावून उभा राहिलो. झेंडूचा हार माझ्या डोक्याला लागत होता. ते उतरले, बूट काढले, चपला पायात घातल्या, तेव्हा बटण दाबलं. पंखा फिरला. पेढे वाटले. 

परतताना मामांनी एका हार्डवेअरच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि एक कुलूप घेतलं. मेन पाडला की त्याच्या दांड्याला घालायचं. किल्ली त्यांनी तिथंच करदोट्याला बांधली. "मामीनं म्हायेरनं आणलेल्या दागिन्यागत जपतो आता," म्हणाले. हसलो दोघंही, पण गाडीवर बसल्यावर त्यांनी किल्ली पुन्हा एकदा चाचपली.

घरात शिरताना ते दबक्या आवाजात म्हणाले, "हिला काय बोलायचं न्हाई."

मामींनी विचारलं, "झालं काम?"

"झालं की."

मी हातपाय धुवत होतो. मामी झाडू घेऊन उंबऱ्याशी आल्या आणि रोजच्याप्रमाणे पायानंच आमच्या चपला बाजूला सारू लागल्या.

"राहू दे म्हटलं तिथंच!"

मामांचा तसला आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. मामींनीही नसावा. त्यांच्या हातातला झाडू तसाच राहिला. त्यांनी मामांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे. मग माझ्याकडे पाहिलं. मला या घरात पहिल्या दिवशी काही न विचारता जेवू घालणारी ती बाई आता काहीतरी विचारत होती, आणि मी टॉवेलात तोंड लपवलं.

मामींनी मग खाली वाकून सारलेला जोड हातानं उचलला, होता तिथं परत ठेवला, आणि त्याच्याभोवतीनं झाडून काढलं.