घासलेला नंदी

आमच्या बाईंची स्तुती करणं अवघड होतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या छोट्या संग्रहालयात वीतभर उंचीचा, ब्राँझचा एक प्राचीन नंदी आहे. सोन्यासारखा झळझळतो. "वा! किती छान ठेवलाय!" असं कुणी म्हणालं, की बाई पुढे होऊन सांगायच्या, "ठेवलेला नाही, बिघडवलेला आहे. मी बिघडवलाय." पाहुणे ओशाळायचे. मांडणी सांभाळणारा मी दुसरीकडे बघायचो.

बाई म्हणजे जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या आमच्या रसायनतज्ज्ञ. त्या नोकरीला लागल्या तेव्हा नंदी नुकताच आला होता. अक्कलकोटकडच्या एका शेतात नांगराला लागलेला, हिरव्या खपल्यांनी भरलेला. कुणी बडे पाहुणे यायचे होते. "जरा चमकवा की," असं वरून सांगणं आलं. बाईंनी तो आम्लात बुडवला, ब्रशने घासला, लख्ख केला. कौतुक झालं. कित्येक वर्षांनी घासण्याआधीचा फोटो त्यांनी सहज भिंगाखाली धरला, तर खपलीवर उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी. नंदी कापडात गुंडाळून पुरलेला होता. कापड कुजलं, ठसा राहिला, आणि तो बाईंनी धुऊन टाकला होता. "भवानी पेठेत वाढले मी," त्या म्हणायच्या. "सकाळ-संध्याकाळ मागाचा आवाज कानात. आणि मला कापड दिसलं नाही."

मग त्या प्रतिकृतींच्या मागे लागल्या. मूळ नंदीला साचा टेकवायचा नाही, फक्त स्कॅन. त्यावरून मेणाचा नंदी, त्याभोवती माती, मेण वितळवून त्या जागी ब्राँझ. शाळेतली पोरं तो हातात घेऊन उलटासुलटा करत. एकदा मी म्हणालो, "बाई, एका नंदीवर तो ठसा उठवा ना." त्यांचा चेहरा उतरला.

"फोटोत दोन बोटं जागा दिसते, तीही धूसर. बाकीचं मनाने विणू? आधी पुसलं, आता खोटं बोलू?"

निवृत्तीच्या आठवड्यात मला सोबत घेऊन त्या एसटीने त्या गावी गेल्या. ज्यांना नंदी सापडला होता ते आजोबा गोठ्यापुढे बसले होते. बाईंनी न बसताच नंदी घासल्याचं सांगितलं.

आजोबा हसले. "आमी बी सणाला भांडी घासतोच की, अक्का. त्यात काय एवढं?"

बाईंना ते हसणं सोसवेना. "आजोबा, तो कुणीतरी कापडात गुंडाळून ठेवला होता. त्याची खूण होती. ती मी घालवली."

आजोबांचं हसू विरलं. "म्हंजी टाकल्याला नव्हता? कुनीतरी जपून ठिवला हुता?"

"हो."

"कुनी, कसल्या कापडात, ते आता कळायचं न्हाय?"

"नाही."

त्यांनी शेताकडे बघितलं. मग आत वळून म्हणाले, "सूनबाई, च्या टाक. पावणं लांबून आल्यात."

बाईंनी कप दोन्ही हातांत धरला. चहा गार होईपर्यंत तोंडाला लावला नाही. शेवटी एका दमात प्याल्या आणि वाकून आजोबांच्या पाया पडल्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. सोलापूर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "दोन शिव्या घातल्या असत्या त्यांनी, तर बरं झालं असतं."

स्टँडवर उतरून त्या रिक्षात बसल्या. पुढच्याच आठवड्यात लेकीकडे निघून गेल्या.