या, बसा, लाइव्ह चालू आहे

माझी आई मोबाईलमधल्या माणसांना चहा विचारते.

ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. पुढे जे रामायण झालं ते याच सवयीमुळे झालं, आणि त्यात सगळ्यात जास्त शोभा माझी झाली. म्हणून सांगायचा पहिला हक्क माझा.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर आईचं दुकान आहे. म्हणजे एक गाळा. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, आंब्याची साठं, फणसपोळी असा सगळा कोकणचा माल. तो येतो कुडाळहून, बाबांच्या चुलतभावाकडून, म्हणजे वसंतकाकांकडून. आम्ही राहतो त्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. आई खालून हाक मारते, मी गॅलरीतून मान हलवते. माझा दुकानाशी संबंध तेवढाच होता.

गेल्या पावसाळ्यात धंदा अगदीच बसला. लोकांना सगळं घरपोच मिळायला लागलं, मग चिखल तुडवत कोण येतंय? एका संध्याकाळी बाबांनी पेपर खाली ठेवला. ते पेपर खाली ठेवतात तेव्हा घरात काहीतरी वाईट घडतं.

"गणपतीपर्यंत बघू," ते म्हणाले. "नाहीतर गाळा त्या मोबाईल कव्हरवाल्याला भाड्याने देऊन टाकू. कधीपासून मागे लागलाय तो."

आईने पोळी उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, "मग दिवसभर मी बोलू कोणाशी? तुम्ही पेपरशी बोलता, ही मोबाईलशी."

'ही' म्हणजे मी. घरात कोणी आलं की मी आतल्या खोलीत जाते. आमचं घर एका खोलीचं होतं तेव्हा मी मोरीत जायचे. पण त्या संध्याकाळी आईची ती पाठ बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मी तुझ्या दुकानाचं पेज काढते."

बाबांनी पेपर पुन्हा उचलला. म्हणजे परवानगी.

आता, हे माझं कामच आहे. परळला पूर्वी गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे. त्या इमारतीत बसून मी एका शाम्पूच्या वतीने लोकांशी गप्पा मारते. शाम्पू फार मनमोकळा आहे. जोक करतो, सणाच्या शुभेच्छा देतो. मी त्याच्या मागे लपून पगार घेते. तेव्हा मला वाटलं, कोकमाच्या मागे लपणं काय कठीण?

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे जाहिरात मला इंग्रजीतूनच सुचते. मी कोकमाचा झकास फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'सन-किस्ड कोकम'.

"म्हणजे काय गो?" आईने विचारलं.

"म्हणजे... उन्हाने... पापी घेतलेलं."

"शी!" आईने इकडेतिकडे बघितलं. "दुकानाच्या पाटीवर तुझ्या आजोबांचं नाव आहे!"

उन्हाला सभ्य अंतरावर उभं करून मी नवीन ओळ लिहिली आणि फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर लाइक्सचा पाऊस! मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये चक्क हसले. (लिफ्टमधले दोघे पुढच्याच मजल्यावर उतरले.) मग मी नावं वाचली. कुडाळचे वसंतकाका. काकी. काकांची तिन्ही मुलं. काकांचे शेजारी. ज्यांच्या अंगणात आमचं कोकम वाळतं, त्या सगळ्यांनी आमच्या कोकमाची जाहिरात लाइक केली होती! मी अतिशय मेहनतीने आमच्याच माल पुरवणाऱ्यांना माल विकत होते. काकांनी खाली लिहिलंही होतं : 'ही माझीच कोकमं. उजवीकडचं वळलेलं आमच्या गड्याने नीट पसरलं नव्हतं.'

हे सगळ्या जगाला दिसत होतं.

असं चाललं तर गणपतीच्या आत कव्हरवाला येऊन फळ्या मोजेल, हे मला दिसायला लागलं. म्हणून मी शेवटचं अस्त्र काढलं. लाइव्ह! लोकांना आता खरी माणसं बघायला आवडतात, असं ऑफिसात आम्हाला दर सोमवारी सांगतात. मी आईला म्हटलं, "तू फक्त बोलायचंस. फोन मी धरते. कोण आलं त्याचं नाव वर दिसतं. नाव घेऊन स्वागत करायचं, म्हणजे लोक थांबतात."

मी हे वाक्य बोलायला नको होतं.

श्रावणातला रविवार ठरला. आई नारायणपेठी नेसून, गजरा माळून दुकानात आली.

"गजरा कशाला?"

"चार लोक येणार ना!"

मी फोन आगळाच्या दोन बाटल्यांना टेकवून उभा केला, मागे उभी राहिले आणि बटण दाबलं. पहिलं नाव आलं वसंतकाकांचं.

"या या भावोजी!" आईने डोक्यावरचा नसलेला पदर सारखा केला. "बसा. बरे आसात मां? चाय घेतलास?"

"आई, ते बसलेलेच असतील," मी कुजबुजले.

"तू गप. अगो शकू! ये ये!" ही वडाळ्याची शकूमावशी. "गुडघा कसा आहे? पाय वर घेऊन बस हो."

एकेक करून पाहुणे जमले आणि आई प्रत्येकाचं गुडघा, सून, विहीर असं सगळं विचारत सुटली. कोकमाचं नाव नाही! इतक्यात देवासारखी एक अनोळखी बाई आली. तिने विचारलं : 'फणसपोळी आहे का?'

"आहे ना!" आई म्हणाली. "तुम्ही कुठल्या?"

'चेंबूर.'

"तसं नाही, मूळच्या कुठल्या?"

'नाशिक.'

"अरे वा. नाशकात आमच्या नणंदेची नणंद दिलीय. तुमचं माहेर की सासर?"

बाई गेली.

"गेली?" आईचा चेहरा पडला. "न सांगता गेली? माझं काही चुकलं का गो?"

"आई, लोक असेच जातात. बघतात, जातात."

"असं कसं उठून जातात? निघते म्हणायला काय होतं?"

इथेच खरा घोटाळा झाला. कारण हे ऐकून आमच्या नातेवाइकांपैकी एकाचीही निघायची छाती होईना! वहिनी समोर बसलेली असताना आपण आधी कसं उठायचं? आणि आईचं म्हणणं, पाहुणे बसलेले असताना आपण कसं उठायचं? दोन्ही पक्ष सभ्यपणे एकमेकांसमोर अडकून बसले. विषय संपले. विहिरीही संपल्या. शेवटी काकांनी धीर करून लिहिलं : 'वहिनी, निघू का आता?'

"बसा हो, घाई काय आहे!"

'बॅटरी संपत आली.'

"मग चार्जर लावा आणि बसा!"

काकांनी चार्जर लावला.

आणि अचानक आईला आठवलं, की वर गॅसवर भात आहे. मी आनंदाने लाइव्ह बंद करायला हात पुढे केला, तर तिने तो हवेतच पकडला.

"लोकांच्या तोंडावर दार लावतेस? बस इथे पाहुण्यांजवळ. मी आलेच."

तिने मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि गेली. केसांना तेल, अंगात बाबांचा जुना शर्ट, आणि समोर अख्खं कुडाळ! मोरी दुसऱ्या मजल्यावर होती.

मी फोनकडे बघितलं. फोनने माझ्याकडे बघितलं. शाम्पू असता तर एव्हाना दोन जोक झाले असते. माझ्या घशातून मात्र आवाज निघेना. मी हलूही शकले नाही. थोड्या वेळाने खाली ओळी उमटायला लागल्या.

'आवाज येत नाही.'

'नेट गेलं वाटतं.'

'हँग झालं. फोन बंद करून चालू करा.'

मग शकूमावशी. पूर्वी ती शिक्षिका होती, तिचं बारीक लक्ष असतं : 'मागे पंखा फिरतोय. नेट ठीक आहे. मुलगी हँग झालीय.'

घाबरले की माझे हात आपोआप खायचं शोधतात. परीक्षेत मी रबर खायचे. आत्ता हाताशी फणसपोळीचं पाकीट होतं. मी ते फोडलं, एक पट्टी काढली आणि चावायला लागले. आता फणसपोळी पटकन खाताच येत नाही. ती दातांना चिकटते, मग जिभेने सोडवावी लागते, मग गोड रस सुटतो आणि डोळे आपोआप मिटतात. मी डोळे मिटले. डोळे मिटले की समोर कोणी नसतं! हा शोध लागल्यावर मी दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी.

डोळे उघडले तेव्हा नावांची रांग लागलेली. आणि ही नावं मला अजिबात माहीत नव्हती!

'काय खातेय ही?'

'अरे, फणसपोळी! आमची आजी करायची.'

'एक शब्द बोलत नाहीये, नुसती खातेय. मस्त!'

'कुठे मिळेल? पत्ता द्या!'

पत्ता द्यायला तोंड मोकळं हवं होतं. माझे दात एकमेकांना चिकटलेले. मी घाईघाईने दुसरं पाकीट फोडलं. (का फोडलं, हे मला आजही सांगता येणार नाही.)

तेवढ्यात बाबा धावत आले. ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करून घेत होते. तिथे कारागिराने आपला फोन बघता बघता त्यांना सांगितलं होतं, "काका, तुमच्या मुलीला काहीतरी झालंय." एका गालावर साबण, गळ्यात सलूनचा पंचा, अशा अवस्थेत बाबा थेट फोनसमोर उभे राहिले.

"काय झालं? बोल काहीतरी!"

मी पाकिटाकडे बोट दाखवलं. मग फोनकडे. बाबांनी चष्मा सारखा केला आणि ओळी वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा कोरडा गाल हळूहळू फुलला.

"पत्ता विचारतायत," ते म्हणाले. "हे... हे सगळे गिऱ्हाईक आहेत?"

मी मान हलवली.

बाबांनी खणखणीत आवाजात पत्ता सांगितला. वळणं सांगितली, खुणा सांगितल्या, चौकीनंतर डावीकडे वळायला बजावलं. 'मला चार पाकिटं', 'मला सहा', 'प्रभादेवीला पाठवाल का' असं सुरू झालं तेव्हा ते मोठ्या रुबाबात फळीकडे वळले. फळीवर होती ती शेवटची दोन पाकिटं, आणि ती दोन्ही माझ्या मांडीवर रिकामी पडली होती.

बाबांनी एक रिकामं पाकीट उचललं, उलटं करून झटकलं आणि जगाला दाखवलं.

"हा... हा यंदाचा माल संपला. फणसाचा सीझन गेला."

'अरेरे!'

'पुढच्या वर्षी तरी द्याल ना?'

'आमचं नाव आत्ताच लिहून ठेवा.'

आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं बाबांचं बोलणं ऐकत होती. आमच्या घरात तसा प्रसंग येत नाही. त्यांनी छाती पुढे काढली. "पुढच्या मे महिन्यात सगळ्यांना मिळेल! याच दुकानात! माझा शब्द आहे!"

"शब्द दिलात?"

दारात आई उभी होती, हातात भाताचा डाव. तिने अगदी हळू विचारलं, "याच दुकानात? मग कव्हरवाल्याला काय सांगायचं?"

बाबांचं तोंड उघडं राहिलं. रिकामं पाकीट हातात तसंच. साबणाचा एक ओघळ हनुवटीपर्यंत आला, तेवढीच काय ती हालचाल.

वसंतकाकांनी लिहिलं : 'परत हँग झालं.'

त्या रात्री बाबा बराच वेळ पेपर न उघडता बसले होते. "लोकांसमोर बोललोय," ते शेवटी म्हणाले. "अनोळखी माणसं. फिरवता येणार नाही." आईने त्यांना जास्तीचं तूप वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. (तिच्या बाबतीत ही बातमी आहे.) दुसऱ्या दिवशी चेंबूरची ती बाई, राहिलेलं लाइव्ह मागाहून बघून, स्वतः दुकानात आली, कोकम घेऊन गेली, आणि जाताना मुद्दाम वळून म्हणाली, "निघते हं!" आई दिवसभर तेच सांगत होती.

कव्हरवाल्याने मागच्या गल्लीत दुसरी जागा घेतली. गणपती झाले, दिवाळी झाली, मे आला, फणसपोळी आली. आता आमचं लाइव्ह दर रविवारी असतं. येणाऱ्यांशी आई बोलते, पत्ता बाबा सांगतात. निघायचं कसं तेही ठरलंय : शेवटी आई सगळ्यांना लांबूनच हळदीकुंकू दाखवते, मग कोणाला उठायला संकोच वाटत नाही.

ऑफिसात माझ्या वरिष्ठांनी ते पहिलं लाइव्ह बघितलं आणि भर मीटिंगमध्ये विचारलं, "यामागे तुझी स्ट्रॅटेजी काय होती?" मी हँग झाले. त्यांना वाटलं, मी सांगायचं टाळतेय. मला बढती मिळाली.

दुकानात माझ्यासाठी आईची सूचना एकच असते. "तू काही बोलू नकोस गो. नुसती खा." पंचवीस वर्षं सगळे मला 'जरा बोलत जा' म्हणत होते, आता गप्प बसायचे पैसे मिळतात. धंदा इतका वाढलाय, की गाळ्यात माल मावत नाही. गेल्या आठवड्यात बाबा शेजारचा गाळा बघून आले आणि आई माझे सगळे कुडते घेऊन शिंप्याकडे जाऊन आली. गाळ्याचं अजून नक्की नाही. शिंप्याने मात्र स्पष्ट सांगितलंय, आता सैल करायला आत कापड शिल्लक नाही.