उत्तराकाकू आणि गॅरेजमधलं शवागार

"हे रक्त आहे की रोझ सरबत?" उत्तराकाकूंनी बाटली उजेडात धरून विचारलं.

टॉडला मराठी कळत नव्हतं, पण काकूंचा चेहरा कळला. टॉड ऑफिसात माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसायचा. सोमवार ते शुक्रवार तो नेटवर्कची कामं करायचा आणि शनिवार-रविवारी मित्र जमवून, स्वतःच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर भयपट बनवायचा. २००५ च्या मार्चमध्ये त्याला शवागाराच्या सीनसाठी जागा हवी होती. मी तेव्हा अमेरिकेत हर्नडनला काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो आणि त्यांचं गॅरेज मोठं, थंड आणि जवळजवळ रिकामं होतं. मी भीतभीत विचारलं.

"शवागार?" काकू म्हणाल्या. "देते. पण मला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

त्यांचा अधिकारच होता तो. नागपूरहून डॉक्टर होऊन त्या एकोणसत्तर साली इकडे आल्या, तेव्हा त्यांना सर्जन व्हायचं होतं. "माझं इंग्लिश ऐकलं की पेशंट नर्सकडे बघायचे," त्या सांगायच्या. "म्हटलं, चला, मायक्रोस्कोपला उच्चार कळत नाहीत." मग एकतीस वर्षं एकाच हॉस्पिटलात त्यांनी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. ज्यांच्या गाठी आणि पेशी त्यांनी तपासल्या, त्यातल्या बहुतेकांना काकूंचं नावही माहीत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून घरात त्यांना चैन पडत नव्हतं. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेचं लेबल लागलं होतं.

टॉडच्या शूटिंगने त्यांच्यात जीव आला. शिळं रक्त तपकिरी दिसतं म्हणून त्यांनी सरबतात कॉफी घातली. मेकअप करणारी निधी ही इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत नटांना रंगवणारी, इथेच जन्मलेली कॉलेजातली मुलगी. तिने प्रेताच्या छातीला जांभळा रंग लावायचं ठरवलं होतं. काकूंनी ब्रश काढून घेतला.

"माणूस उताणा मेला ना? मग रक्त पाठीकडे उतरणार. छाती पांढरीच राहते."

"काकू, धिस इज सो ग्रॉस," निधी म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

प्रेताचं काम करणारा मित्र ऐन वेळी आलाच नाही. तेव्हा काकूंचे यजमान मनोहरकाका, जे आयुष्यभर पुलांची डिझाइन्स करून आता आरामखुर्चीत स्थिरावले होते, आपणहून पुढे झाले.

"नुसतं पडून राहायचं ना? मला सराव आहे."

"अहो, श्वास पण थांबवायचा असतो," काकू म्हणाल्या.

"तोही तू घरात असलीस की थांबतोच."

टॉडने टेबलाभोवती एक फेरी मारली. मोठ्या स्टुडिओकडे अख्खं रबरी प्रेत बनवून घ्यायची ऐपत असते, त्यामुळे ते सगळं दाखवतात, तो मला समजावत म्हणाला. आपल्याकडे काहीच नाही, म्हणून आपण झाकायचं. चादर अंगभर, फक्त तळपाय बाहेर, अंगठ्याला चिठ्ठी. कॅमेरा हलवायचा नाही. चाळीस सेकंद नुसते पाय. पाचव्या सेकंदाला लोक कंटाळतील, पंधराव्याला अस्वस्थ होतील आणि तिसाव्याला त्यांना वाटेल, अंगठा हलला. "भीती त्यांची तेच तयार करतात," टॉड म्हणाला. "बघत राहा, हे मोठे लोक एक दिवस आमच्याकडूनच शिकतील." पुढच्या दोन-तीन वर्षांत मल्टिप्लेक्समधल्या मोठ्या सिनेमांतही कॅमेरा हाताने धरल्यासारखा थरथरायला लागला, मधेच असा थांबायला लागला, भूत दाखवायचं सोडून रिकामी खोली दाखवायला लागला. तेव्हा मला ते गॅरेज आठवायचं. पण त्या सकाळी टॉडकडे दुसरा इलाजच नव्हता, एवढंच खरं.

शॉट सुरू झाला. कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीवर काकांचे तळपाय पडदाभर मोठे दिसत होते. काकू, निधी आणि मी त्या टीव्हीसमोर श्वास रोखून उभे. साधारण पंचविसाव्या सेकंदाला काकू म्हणाल्या, "कट."

टॉड चिडला. कट म्हणायचा हक्क त्याचा होता.

"निधी, उजव्या टाचेवर ते काय फासलंयस? घाण दिसतंय. पूस."

"आय स्वेअर काकू, मी टाचेला हातच लावला नाही."

काकूंनी स्वतः कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि टाच घासली. एकदा, दोनदा. काका गुदगुल्या होऊन चादरीखाली हसत होते. "अगं, मेलेल्या माणसाला त्रास देऊ नये!" काकू हसल्या नाहीत. कापूस पांढरा स्वच्छ होता आणि डाग तिथेच होता, नाण्याएवढा, एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी, कडा वेड्यावाकड्या.

त्यांनी कापूस टाकून दिला आणि काकांची टाच दोन्ही हातांत धरून बसल्या.

"किती दिवसांपासून आहे हा?"

"असेल काहीतरी," काका उठून बसत म्हणाले. "स्वतःची टाच कोण बघतं?"

आपल्या लोकांत हा आजार तळपायाला येतो आणि म्हणूनच सापडतो तेव्हा उशीर झालेला असतो, हे काकूंनी मला गाडीत सांगितलं, सोमवारी, काकांना स्किनच्या डॉक्टरकडे नेताना. बायोप्सी झाली. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर. शब्द काकूंनीच घरात उच्चारला, शांतपणे, आणि नंतर किती तरी वेळ सिंकपाशी एकच पातेलं धूत राहिल्या. मायक्रोस्कोपखाली लोकांच्या हजारो काचा पाहिल्या आणि घरातला माणूस पाहायचा राहिला, एवढंच त्या एकदा म्हणाल्या. आता प्रश्न होता, रोग किती खोल गेलाय. डॉक्टरांनी डाग आजूबाजूच्या कातडीसकट काढला आणि तपासणीला पाठवला.

टॉड रोज माझ्या क्यूबिकलशी येऊन उभा राहायचा. तो शॉट काढून टाकू का, असं त्याने काकूंना विचारायला सांगितलं. तो विकृत वाटतोय आता, म्हणाला. काकूंनी उत्तर दिलं, "रिपोर्ट येऊ दे."

आठवड्याने आम्ही काकूंच्या जुन्या हॉस्पिटलात गेलो. काकूंच्या हाताखाली शिकलेली डॉक्टर आता तिथे मुख्य होती. तिने काकूंना आत बोलावलं, खुर्ची दिली, मायक्रोस्कोपला काकांच्या डागाची काच लावून दिली. काका आणि मी खाली कँटीनमध्ये बसलो. काकांचा पाय बँडेजमध्ये. त्यांनी फ्रेंच फ्राइज घेतले होते आणि एकही खाल्ला नव्हता. मी ऑफिसच्या गोष्टी सांगत होतो. मलाच कळत नव्हतं मी काय बोलतोय.

काकू आल्या. बसल्या. पर्स टेबलावर ठेवली.

"वरच्या थरातच आहे. खाली उतरलंच नाही," त्या म्हणाल्या. "कापलेल्या कडा चारी बाजूंनी मोकळ्या, रोग कुठेच नाही. मी तीनदा बघितल्या."

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे अजून वीस वर्षं तुमचं घोरणं ऐकायचं."

काकांनी एक फ्राय उचलला, काकूंच्या हातात दिला, दुसरा स्वतः तोंडात टाकला. "गार झालेत," ते म्हणाले, आणि दोघं सगळे गार फ्राइज संपवत बसले. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची होती, त्या तारखा काकूंनी तिथेच डायरीत लिहिल्या.

पार्किंगमध्ये काकूंनी माझा फोन मागितला आणि टॉडला लावला.

"टॉड, डॉक्टर बोलतेय. ही इज फाइन. आणि ऐक, तो शॉट ठेव," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "पंचवीसच सेकंद मिळालेत तुला, माझ्यामुळे. उरलेले पंधरा परत घेऊ. बँडेज निघालं की, पण फक्त डाव्या पायाचे. उजव्यावर व्रण राहणार."

पलीकडून टॉड काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. गाडीच्या मागच्या सीटवरून काका मात्र ओरडले, "आता मानधन घेईन म्हणावं!"