वजनदार माल

शिरसीच्या सुपारी बाजारात नरसिंह हेगड्यांच्या तळहाताला सगळे मानत. पाणी मारून जड केलेली सुपारी ते नुसती उचलून ओळखत. ऑनलाइन मातीमोल भावात मिळालेली जुनी हार्ड डिस्कही त्यांनी तळहातावरच तोलली. "वजनदार आहे. माल अस्सल."

वीस वर्षांत चित्रित केलेले यक्षगानाचे सगळे प्रयोग त्यांनी तिच्यात उतरवले. आता तुडुंब भरलेला लॅपटॉप त्यांची सून नागवेणी रिकामा करायला बसली होती.

"मामंजी, एकदा पुसलं की गेलं. डिस्कमधला शेवटचा प्रयोग लावून बघू?"

"मी हातात घेऊन बघितलीय ना? पूस."

तरी तिने लावला. पडदा काळा. त्याच्या आधीचा लावला, तोही काळा. हेगड्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"लॅपटॉपमधलं... पुसलंस?"

तिने लॅपटॉपमधला एक प्रयोग लावला. चंडेचा ढोल घुमला, तेव्हा कुठे हेगड्यांनी श्वास सोडला.

मग दोघांनी डिस्क उघडली. आत नखाएवढी चिप आणि वजनासाठी गोंदाने चिकटवलेले दोन लोखंडी नट.

"मामंजी," नागवेणी म्हणाली, "तुमच्या अख्ख्या यक्षगानातले एवढे दोनच नट आत पोचलेत."