आगोटीचा मसाला

रेवसच्या बाजूला, खाडीकाठच्या त्या गावात जनीला फसवायला कोणी दुकानदार धजावत नसे. भाव पाडायला ती तोंड वापरायची, आणि तोंड पुरलं नाही तर हात. एकदा एका सुकटवालीनं खाली ओली सुकट भरून वर कोरडी पसरली होती. जनीनं ती पाटी तिच्याच डोक्यावर उपडी केली आणि दिलेले पैसेही परत घेतले. लोक तिला चिकट म्हणायचे. म्हणोत बापडे. तिच्या पाठीवरचे वळ त्यांनी पाहिले नव्हते.

ते वळ नवऱ्याचे. सदू मिठागरावर कामाला होता आणि पगाराच्या दिवशी त्याच्या अंगात सैतान शिरायचा. घरात नोट दिसली की त्याला ती हवीच, नाही मिळाली की तो जनीला तुडवायचा. साखरेच्या डब्यात लपवलेल्या नोटांसाठी त्यानं तिचा पुढचा दात पाडला, तेव्हा तोंडातलं रक्त पुसता पुसता तिच्या डोक्यात उजेड पडला. नोट हिसकावता येते. तांदळाचं भरलेलं पिंप उचलून झिंगलेल्या माणसाला गुत्त्यावर नेता येत नाही.

तेव्हापासून हातात पैसा आला की संध्याकाळच्या आत त्याचं सामान व्हायचं. पावसाळ्यात होड्या बंद आणि बाजार महाग, म्हणून या किनाऱ्यावर चार महिन्यांचा जिन्नस उन्हाळ्यातच भरून ठेवतात. त्याला आगोट म्हणतात. इतर बायका आगोट भरायच्या, जनी किल्ला लढवायची. कांद्याच्या माळा, सुके बोंबील, चिंचेचे गोळे, सगळं स्वस्ताईत घेऊन ठेवलेलं. मिरची मात्र ती गावात कधीच घेत नसे. चार शेजारणी गोळा करून रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायची, तिथून मशीद बंदरच्या घाऊक बाजारात, आणि पोतं घेऊन वाटून घ्यायची. देठ काढून, उन्हात तापवून, डंकावर कुटून आणलेला तो मसाला चिनीमातीच्या बरणीत दाबायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे. वर्षभर त्या बरणीत दुसऱ्या कोणाचा हात जात नसे. सदू मेला तेव्हा तेराव्याच्या जेवणालाही मसाला तिनंच काढला, आणि बेतानंच काढला.

मुलगा हिरामण बंदरावर ट्रेलर चालवायला लागला. बापाचं सगळं त्यानं उचललं होतं, फक्त हात बापापेक्षा जड. त्याची बायको हेमाली अलिबागकडच्या एका बंगल्यात साफसफाईला जायची. नवी नवरी असतानाच जनीनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पैसा दिसला का बाप्यांचं डोकं फिरतं. जिन्नस करून टाक. पिंप भरलेलं असलं का कोन हात लावीत न्हाय." हेमालीनं ते ऐकलं. आणि जनीलाही मनापासून वाटायचं की पिंप भरलंय म्हणजे पोरगी वाचली. इथंच ती बाई चुकली.

मे महिन्यातल्या एका दुपारी हेमाली नवा मसाला बरणीत दाबत बसली होती. हिरामण ढोसून आला.

"तुजा पगार कुठं हाय?"

"आगोट भरली," हेमाली म्हणाली.

त्यानं तांदळाच्या पिंपाला लाथ घातली. पिंप हललं नाही, त्याचाच अंगठा ठेचला. मग त्यानं हेमालीचे केस धरले आणि तिचं कपाळ पिंपाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. झाकण उडालं, पांढऱ्या तांदळावर रक्त ठिबकलं.

जनी पडवीतून धावत आली आणि ओरडली. काय ओरडली, तर, "बरनी! बरनी लवंडंल!" ऐकणाऱ्याला संताप यावा, पण तेच ओरडली. सुनेच्या पायाशी असलेली बरणी छातीशी धरून ती मागच्या दारी पळाली. मागे फटके ऐकू येत होते. ते तिला नवे नव्हते, तिच्या हाडांना पाठ होते. मग आवाज थांबला. सदूच्या मारात शिव्या असायच्या, आरडाओरडा असायचा. ही शांतता तिनं कधी ऐकली नव्हती.

ती वळून आत आली. हिरामणनं हेमालीला भिंतीशी दाबून दोन्ही हातांनी गळा आवळला होता. तिच्या टाचा जमिनीवर घासत होत्या. डोळे पांढरे झाले होते.

"हिरामन!" जनी किंचाळली. त्यानं मान वळवली मात्र, तिनं बरणी त्याच्या तोंडावर उपडी केली. मूठभर मसाल्यानंही भागलं असतं. त्या दिवशी जनीच्यानं काटकसर झाली नाही.

तो गुरासारखा ओरडला. डोळे चोळायला गेला तसा मसाला आणखी आत गेला. हेमाली सुटून खाली कोसळली, खोकली, आणि त्या खोकल्यानं जनीच्या जिवात जीव आला. आंधळा हिरामण आवाजाच्या दिशेनं चाचपडत आला, "आये, तुना जितं सोडनार न्हाय!" जनीनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या पुढं आलेल्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या विनिताला ओट्यावर ऐकू गेला.

"ह्यो तुज्या बापासचा," जनी म्हणाली. दुसरा फटका गुडघ्यावर. "आनी ह्यो तुजा."

हेमालीनं तक्रार दिली. हिरामण काही दिवस आत राहून, हात गळ्यात बांधून परत आला. हेमालीच्या गळ्यावरचे बोटांचे वळ अजून निळे होते. तिनं दारात उभं राहून सांगितलं, "पडवीत राहाचं. उंबरा वलांडाचा न्हाय." आपला पगार ती आता आपल्याच खात्यात ठेवते.

सांडलेला मसाला जनीनं मारामारीच्याच संध्याकाळी झाडून गोळा केला होता. रक्त लागलेला तेवढा खाडीत सोडला, बाकीचा चाळला.

"फेकून दे गो, सगली माती हाय त्यात," विनिता म्हणाली.

"फेकू? बेडगी मिरची हाय ती!"

म्हणून आता त्या घरात दोन बरण्या आहेत. आतल्या दोघींसाठी पोटाला चिमटा घेऊन नव्यानं कुटलेला मसाला, आणि दुसरी बरणी पडवीतल्या ताटासाठी. पहिल्या दिवशी हिरामणनं डाव्या हातानं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आये, कालवनात खडं लागतान."

जनी समोरच बसली होती, मुसळ मांडीवर आडवं.

"तुज्याच डोल्यांतला मसाला हाय तो," ती म्हणाली. "टाकू नको. संपव."