दोरावर दोनच शब्द

ताईच्या टोळीत तोंडाला कुलूप असे. दोर हातात असताना शब्द दोनच, 'धर' आणि 'सोड'. कुणी "सोडू नको" म्हटलं तर ताई त्याला तिथल्या तिथे घरी धाडी. गोंगाटात 'नको' हवेत विरतं आणि 'सोड' तेवढं खाली पोहोचतं, हे ती एका गड्याची फुटलेली कवटी पाहून शिकली होती.

चौकात, पुलांखाली, बस थांब्यांवर अवाढव्य कलाकृती टांगायच्या, लोकांनी आठवडाभर माना मोडेस्तोवर बघायच्या, मग उतरवायच्या. वीस वर्षं ती हेच करत होती. वर चढायचा तिचा सख्खा धाकटा भाऊ. चपळ इतका, की सगळे त्याला खारच म्हणत. त्याचा दोर ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

त्या दुपारी भाजीबाजारावर जुन्या चादरींचा भलामोठा मासा चढत होता. त्यासाठी कलावंत महाशयांनी तीन दिवस बाजार बंद ठेवायला लावला. विक्रेत्यांना विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही! माल सडला, डोकी फिरली, आणि तिसऱ्या दिवशी माणसं गज घेऊन आली. महाशयांनी तेवढ्यात पोबारा केला.

मासा टराटरा फाटला. टोळीतल्या दिवेवाल्याला आडवा पाडून लाथांनी तुडवला, त्याचे दोन दात रस्त्यावर पडले. कुणीतरी खारचा जादाचा दोर सुरीने कापला. आता चार मजले वर लटकलेल्या भावाचा सगळा भार ताईच्या हातातल्या एका दोरावर आला. ती त्याला हळूहळू खाली घेऊ लागली.

एका हमालाने तिच्या पाठीत गज हाणला.

"अरे, वर माणूस आहे!" ती किंचाळली. पण ऐकतो कोण? दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. मग त्याने तिचे केस धरले आणि डोकं खांबावर आपटलं, पुन्हा आपटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी तिची मूठ सैल झाली नाही.

तेवढ्यात वरून भावाचा आवाज आला, "सोड! सोड!"

तिची बोटं उघडली.

तो हमालाला ओरडत होता, तिला सोड म्हणून. हे तिला कळेपर्यंत तळव्याची सालटी काढत दोर निघून गेला होता. खार लाकडी खोक्यांवर पाठीवर आदळला.

तो जगला, पण कमरेखाली लुळा झाला. आठव्या दिवशी धड बोलू लागला. तिला झालेली मारहाण त्याला आठवत होती, स्वतःचं ओरडणं आठवत नव्हतं.

"ताई, रडतेस कशाला वेड्यासारखी? एवढा मार खाऊन कोण धरून ठेवील? तुला सहन झालं नाही, एवढंच ना?"

शेजारी बसलेल्या दिवेवाल्याने त्या दुपारी वरून आलेलं 'सोड' ऐकलं होतं. त्याने दोन दात गेलेलं तोंड उघडलं. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते मुकाट मिटलं.

"हो रे," ती भावाला म्हणाली, "नाही सहन झालं."